पोपची अचूकता आणि लखनौचे मुजतहिद

पोप फ्रान्सिस यांनी ६ मार्च २०२१ रोजी इराकमधील नजफ येथे ज्येष्ठ शिया धर्मशास्त्री आयातुल्ला अली सिस्तानी यांची भेट घेतली. दोन धर्मांचे सर्वोच्च पुरुष समोरासमोर बसले, असे या भेटीचे वर्णन झाले. सिस्तानी यांना ‘शियांचे पोप’ म्हणण्याचा मोह माध्यमांना पूर्वीपासूनच आहे. लखनौमधील अनेक शिया कुटुंबे रोजा, वारसा, विवाह यांसारख्या बाबींत नजफ किंवा कोम येथील धर्मशास्त्र्यांचा निर्णय मानतात. म्हणून ही उपमा त्या शहराला सहज लागू पडेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती दोन्ही परंपरांविषयी गैरसमज निर्माण करते.

पोप कधीच चुकत नाहीत, अशी कॅथलिक धर्माची शिकवण असल्याचे सर्रास समजले जाते. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने संमत केलेला सिद्धांत यापेक्षा पुष्कळ मर्यादित आहे. पोप सर्व ख्रिस्ती जनांचे गुरू या नात्याने बोलत असतील, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असेल आणि संपूर्ण चर्चने मानावयाचा अंतिम निर्णय म्हणून ते तो जाहीर करीत असतील, तरच तो निर्णय चुकीपासून सुरक्षित मानला जातो. पोपचे राजकीय मत, मुलाखतीतील उद्गार, नेमणुका किंवा वैयक्तिक आचरण यांना हे संरक्षण नाही. पोप पापही करू शकतात आणि त्यांनाही पापकबुली द्यावी लागते.

या सिद्धांताचा आधार शुभवर्तमानांतील पेत्राविषयीच्या तीन प्रसंगांत शोधला जातो. मत्तयाच्या ग्रंथात येशू पेत्राला खडक म्हणतो आणि त्या खडकावर आपली मंडळी उभारण्याचे वचन देतो. लूकच्या ग्रंथात पेत्राची श्रद्धा ढळू नये म्हणून तो प्रार्थना करतो, तर योहानाच्या ग्रंथात आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन करतो. रोमचा बिशप हा पेत्राचा उत्तराधिकारी असल्याने हे अभिवचन त्याच्याकडे येते, अशी ही मांडणी आहे. मात्र पोपला नवे ज्ञान प्राप्त होते, असा दावा तीत नाही. प्रेषितांकडून आलेली शिकवण जपताना चर्च भरकटणार नाही, एवढेच त्या अभिवचनाचे स्वरूप आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पोपसमवेत एकमताने शिकविणाऱ्या बिशपांनाही त्यात सहभागी असल्याचे स्पष्ट केले.

१८७० मध्येही हा निर्णय सहज झाला नव्हता. १३ जुलैच्या प्राथमिक मतदानात ८८ जणांनी विरोध केला. पाच दिवसांनंतर ठराव ५३३ विरुद्ध २ मतांनी संमत झाला, कारण विरोधकांपैकी बरेच जण मतदानापूर्वीच रोम सोडून गेले होते. जर्मन इतिहासकार डॉलिंगर यांनी निर्णय नाकारला आणि पुढच्या वर्षी त्यांना बहिष्कृत करण्यात आले. इतक्या वादातून मिळालेला हा अधिकार त्यानंतर निर्विवादपणे एकदाच वापरला गेला. १९५० मध्ये पायस बारावे यांनी मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत जाहीर केला, आणि तोही जगभरच्या बिशपांचे मत मागवून. याउलट कुटुंबनियोजनाच्या कृत्रिम साधनांना मनाई करणारे १९६८ चे पॉल सहावे यांचे परिपत्रक अचूकतेच्या कक्षेतील नाही, असे ते प्रसिद्ध करतानाच व्हॅटिकनतर्फे सांगण्यात आले होते. कोट्यवधी कॅथलिक दांपत्यांच्या आयुष्याशी संबंध आला तो या दुसऱ्या प्रकारच्या निर्णयाचा.

लखनौमध्ये हजरतगंज भागात कॅथलिक धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे. तेथून काही किलोमीटरवर, बडा इमामबाड्याच्या परिसरात, अचूकतेची एक वेगळी कल्पना रुजलेली आहे. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या मते पाप आणि चूक यांपासून मुक्त, म्हणजे ‘मासूम’, व्यक्ती केवळ चौदा आहेत: पैगंबर, त्यांची कन्या फातिमा आणि बारा इमाम. पोपच्या अचूकतेपेक्षा ही कल्पना खूपच व्यापक आहे, कारण ती व्यक्तीच्या संपूर्ण आचरणाला लागू होते. पण बारावे इमाम नवव्या शतकापासून दृष्टीआड आहेत, अशी श्रद्धा असल्याने आज मार्गदर्शनासाठी उपलब्ध असलेला एकही माणूस मासूम नाही.

मग सामान्य माणसाने कोणाचे ऐकावयाचे? या प्रश्नाचे उत्तर लखनौमध्ये ज्यांनी दिले ते सय्यद दिलदार अली नसीराबादी. इराक आणि इराणमध्ये अध्ययन करून ते परतले आणि नवाब आसफ-उद-दौला यांच्या काळात, १७८६ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली शहरात शियांची शुक्रवारची सामुदायिक नमाज सुरू झाली. इमामांची वचने जशीच्या तशी पुरेशी आहेत, असे मानणाऱ्या अखबारी पंथाविरुद्ध त्यांनी उसूली मताचा पुरस्कार केला. प्रशिक्षित विद्वान, म्हणजे मुजतहिद, बुद्धी वापरून निर्णय देतो आणि इतरांनी त्याचे अनुसरण करावे, असे हे मत. त्याच्या अनुसरणाला ‘तकलीद’ म्हणतात. मुजतहिद चुकू शकतो, हे मात्र त्यात गृहीतच आहे. म्हणून अनुयायी आपला मुजतहिद स्वतः निवडतो आणि तो हयात असलेला व सर्वांत विद्वान असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

चूक होऊ शकते, असे मान्य केल्याने आज्ञेचे वजन कमी होते, असे नाही. १८९१ मध्ये मिर्झा शिराझी यांच्या नावे निघालेल्या फतव्यानंतर इराणमधील लोकांनी तंबाखू सोडली आणि शहाला ब्रिटिश कंपनीचा मक्ता रद्द करावा लागला. जून २०१४ मध्ये सिस्तानी यांच्या आवाहनानंतर हजारो इराकी तरुण ‘इस्लामिक स्टेट’विरुद्ध लढण्यास पुढे आले. अचूकतेचा दावा नसलेल्या या शब्दांनी जे घडविले, ते १९५० च्या पोपच्या अचूक घोषणेने घडविले नाही.

लखनौला या व्यवस्थेची दुसरी बाजूही परिचित आहे. दिलदार अली यांच्याच घराण्यातील मौलाना कल्बे सादिक हे ईदची तारीख खगोलगणिताच्या आधारे आधीच जाहीर करीत; अनेक उलेमा मात्र चंद्र दिसल्याची साक्ष आवश्यक मानत. नोव्हेंबर २०२० मध्ये मौलानांचे निधन झाले; त्या वादावर शेवटचा शब्द उच्चारील असे पीठ शहरात नव्हते. २००५ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डापासून वेगळे होऊन शियांचे स्वतंत्र मंडळ लखनौमध्येच स्थापन झाले, तेही प्रतिनिधित्वाच्या तक्रारीवरून. सर्वोच्च न्यायालयाने तर ७ जुलै २०१४ रोजी फतव्याला कायद्याचे बंधन नसल्याचे स्पष्ट केले. फतवा हे मत आहे, ही मुजतहिदांची परंपरागत भूमिका पाहता या निकालात त्यांना खटकण्यासारखे फारसे नव्हते.

दोन्ही परंपरांतील खरा फरक उत्तराधिकाराच्या वेळी जाणवतो. ७ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या कार्डिनलांच्या बैठकीने दुसऱ्याच दिवशी लिओ चौदावे यांची निवड केली आणि जगभरच्या कॅथलिकांचा प्रश्न मिटला. नजफमध्ये १९९२ साली आयातुल्ला खुई यांचे निधन झाले, तेव्हा अशी कोणतीही निवडणूक झाली नाही. सिस्तानी यांना मान्यता मिळत गेली ती काही वर्षांत, विद्वानांच्या साक्षीने आणि अनुयायांच्या निवडीने. सिस्तानी यांचा जन्म १९३० चा आहे. त्यांच्यानंतर कोणाची तकलीद करावयाची, हे लखनौच्या शिया कुटुंबांना जाणकारांकडे चौकशी करून आपापले ठरवावे लागेल, आणि एकाच गल्लीतील दोन घरे वेगवेगळी नावे निवडू शकतील.