पहिल्या पानावरचं 'फॅक्ट'

डॅन ब्राऊनचं नाव काढलं की ऑफिसात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, काय पुस्तक आहे यार, रात्री हातात घेतलं ते पहाटेच ठेवलं. दुसरी नाक मुरडते, ही काय भाषा, ही काय पात्रं! मी पहिल्या पार्टीत. दोन-तीन पानांची प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी वाचकाला लटकवून ठेवणं एवढं सोपं असतं, तर नाक मुरडणाऱ्यांनी ते केव्हाच करून दाखवलं असतं.

माझं भांडण वेगळंच आहे. 'डिजिटल फोर्ट्रेस' (१९९८) घ्या. एनएसएकडे तीस लाख प्रोसेसरांचं मशीन, आणि न फुटणारा कोड असूच शकत नाही असं एक भारदस्त नावाचं 'तत्त्व'. हे तत्त्व ब्राऊनसाहेबांच्या घरचं. वन-टाइम पॅड नीट वापरलं तर फुटत नाही, हे क्लॉड शॅननने १९४९ सालीच गणिताने सिद्ध करून ठेवलंय. आमच्या फील्डमधलं पब्लिक हे वाचून खो खो हसतं. आणि तेच पब्लिक चहाच्या टेबलावर 'प्रायरी ऑफ सायन'च्या गोष्टी इतिहास म्हणून सांगतं! आपल्या विषयात एवढ्या थापा मारणारा माणूस दुसऱ्याच्या विषयात एकदम हरिश्चंद्र कसा होईल?

कादंबरीच ती, सोडून द्या, असं म्हणावं तर 'द दा विंची कोड'च्या (२००३) सुरुवातीलाच 'फॅक्ट' असा मथळा देऊन सांगितलंय की प्रायरी ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी संस्था आहे. प्रत्यक्षात ती नोंदवली १९५६ साली, पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने, फ्रान्समध्ये. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली ती 'गुप्त कागदपत्रं' आहेत खरी, पण प्लांतार आणि कंपनीनेच बनवून १९६०च्या दशकात तिथे नेऊन ठेवलेली.

'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' (१९८२) या पुस्तकाच्या तिघांपैकी दोन लेखकांनी लंडनला केस ठोकली, आमची कल्पना चोरली म्हणून. २००६ मध्ये हरले. तुम्ही ते इतिहास म्हणून लिहिलंत ना? मग इतिहासावर कॉपीराइट कसला मागता! (जज्ज पीटर स्मिथही भारी. निकालपत्रात तिरकी अक्षरं पेरून स्वतःचाच एक कोड लपवला.)

त्याच वर्षी सिनेमा आला. आपल्या सेन्सॉरने 'ए' सर्टिफिकेट दिलं आणि हे सगळं काल्पनिक आहे अशी पाटी लावायला लावली. तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातलीच. आंध्रातली बंदी हायकोर्टाने उठवली ते बरं केलं. बंदी म्हणजे फुकटची जाहिरात, आणि मोठ्या माणसांनी काय बघावं हे सरकारने कशाला ठरवायचं? ती पाटी मात्र मला पटते. फक्त ती सिनेमाला नको, पुस्तकाला हवी होती, त्या 'फॅक्ट'च्या जागी.

२०२५ मध्ये आलेल्या 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स'मध्येही ते पान आहेच. या वेळी प्रयोग आणि वैज्ञानिक निष्कर्षसुद्धा खरे म्हणे. तेव्हा सोमवारी चहाला कोणी 'मेंदू हा नुसता रिसीव्हर असतो, प्रूव्ह झालंय' म्हणून सुरू झालं, तर वीकेंडला कुठलं पुस्तक संपवून आलाय ते विचारायची गरज नाही :)