हौस, हिशेब आणि गिटार

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. असे म्हणणारे बहुधा दुसऱ्याच्या खिशातून हौस करीत असावेत. आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा माझा एक मित्र सध्या याच पेचात सापडला आहे. तीन वर्षे तो कारखान्यात तयार झालेली साधी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे. आता त्याला स्वतःसाठी खास घडवून घेतलेली गिटार हवी आहे. कारागिराने ९० हजार रुपये सांगितले आहेत, त्यातले निम्मे आगाऊ. आहे तीच गिटार सुधारून घेतली, तर १५ हजारांत काम भागेल. वडील कर्ज काढायला तयार आहेत आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. नुसत्या आकड्यांनी हा वाद मिटला असता. पण वाद्य म्हणजे काही मिक्सर नव्हे. कलावंताला स्वतःचे वाद्य हवे असणे हा गुन्हा नाही. म्हणून मी आकडे बाजूला ठेवून एक दाखला देतो. तो ग्वाल्हेरचा आहे.

माझी आत्या ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. शिंदे सरकारांच्या काळापासून तिथे मराठी घरे आहेत. गेल्या सुट्टीत तिच्याकडे गेलो असताना मी सरोदघर पाहिले. उस्ताद हाफिज अली खाँ (१८८८–१९७२) यांच्या घराण्याच्या जुन्या वास्तूत हे संग्रहालय १९९५ पासून आहे. त्यांचे चिरंजीव उस्ताद अमजद अली खाँ यांचा जन्मही ग्वाल्हेरचाच. तिथे जुन्या वादकांची वाद्ये मांडून ठेवलेली आहेत.

सरोद हे वाद्य अफगाणी रबाबातून आले, असे मानतात. रबाबाला तातीच्या तारा आणि बोटे फिरवायला लाकडी फळी. त्यावर स्वर उठतो आणि लगेच विझतो. आपल्या संगीताला तर मींड हवी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा लांब नाद. म्हणून लाकडावर धातूचा पत्रा आला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या. हा बदल कोणी केला यावर घराण्यांत मतभेद आहेत. ग्वाल्हेरचे घराणे आपले पूर्वज गुलाम अली खाँ बंगश यांचे नाव घेते. श्रेय कोणालाही द्या, मुद्दा एवढाच की आधी हाताला उणीव कळली आणि मग नेमकी तेवढी भरून काढली गेली.

यावर कोणी म्हणेल, आपल्या शेजारच्या मिरजेत तंबोरे मागणीप्रमाणेच घडवतात, त्याचे काय? खरे आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तंबोरा सांगायला जाणाऱ्या गायकाला आपली पट्टी ठाऊक असते. माझ्या मित्राला ती ठाऊक आहे काय?

मी त्याला सरळ विचारले, आताच्या गिटारीत वाईट काय आहे? त्याने तीन तक्रारी सांगितल्या. सूर लवकर उतरतो, अँप्लिफायरमध्ये गुणगुण येते आणि आवाज पातळ वाटतो. पहिलीला चांगल्या खुंट्या आणि नीट घासलेला नट, दुसरीला आतले वायरिंग, तिसरीला नवे पिकअप. तिन्ही रोग औषधाने बरे होणारे. मानेची रुंदी किंवा तारांची लांबीच हाताला जुळत नसती, तर गोष्ट वेगळी होती. तो हाडाचा दोष, तिथे नवी गिटार घडवणेच योग्य.

शिवाय इलेक्ट्रिक गिटारची जातच दुरुस्तीची. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास तिची मान स्क्रूने बसवली, म्हणजे बिघडली तर ती बदलता यावी. हा गृहस्थ स्वतः गिटारवादक नव्हता. तो हिशेबनिशी शिकलेला आणि रेडिओ दुरुस्त करणारा होता. कॉमर्सवाल्यांनी मान ताठ करावी!

उलट बाजूचा मोठा दाखला 'क्वीन' या इंग्लिश बँडचा. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. त्यातील ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडवली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. पण ती कर्जाने नव्हे, कष्टाने घडली. आणि त्याआधी आपल्या साध्या गिटारीला घरी केलेले पिकअप लावून तो बरेच शिकला होता.

तेव्हा माझे प्रामाणिक मत असे : मित्राने आहे ती गिटार सुधारावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काय झाले ते कानाला कळेल. काढलेले मूळ भाग डब्यात जपून ठेवावेत. विकताना तेच उपयोगी पडतात. लाकडाला नवी भोके मात्र पाडू नयेत. दोन वर्षांनी जी उणीव कशानेच भरून निघाली नाही, ती कागदावर लिहून कारागिराकडे जावे. तेव्हा ९० हजार हा खर्च वाटणार नाही, आणि बहुधा तोवर ते स्वतःच्या कमाईचे असतील.

कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्रांपैकी कोणाला हे पटत नसेल, तर पुढील अंकात जरूर लिहावे. मला दोन्ही लिप्या वाचता येतात.