प्रमाद म्हणजे नुसती दारू नव्हे



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलाचा अर्थ विचारला तर लहान मूलही सांगते, ‘दारू प्यायची नाही.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. मद्य वर्ज्य कशासाठी, तर त्यातून प्रमाद घडतो म्हणून. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला, तोही अप्रमादाचाच. तेव्हा दारूला न शिवणारा माणूस गाफील राहिला, तर त्याचे शील अपुरेच. आज हे लिहिण्याचे कारण रस्त्यावरचे मरण आहे.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ. बाबासाहेबांची जयंती दहा दिवसांवर आली होती. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरमध्ये बसून कामाला निघाल्या. नांदेडजवळ आलेगाव शिवारात तो ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी बुडून गेल्या. सरकारने मदत जाहीर केली. पण सात घरांतली राबती माणसे एका सकाळी गेली, ती कोणत्या मदतीने परत येणार?

दर जानेवारीत सरकार रस्ता सुरक्षा अभियान करते. पूर्वी सप्ताह असे, आता महिनाभर चालते. शाळेच्या मुलांची फेरी निघते, ‘अती घाई संकटात नेई’ असे फलक लागतात, चौकात हेल्मेटची तपासणी होते. हे सारे हवेच. परंतु हा उपदेश गाडी चालवणाऱ्याला आहे. ट्रॉलीत दाटीने उभ्या राहणाऱ्या बाईला त्यात कोण काय सांगते? ‘मावशी, बसा लवकर, ऊन चढतंय,’ अशी मुकादमाची हाक येते आणि ती चढते. नाही म्हटले तर त्या दिवसाची मजुरी जाते.

मरतो कोण, ते आकडेच सांगतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतली १५ हजार २२४ आपल्या महाराष्ट्रातली. देशातल्या मृतांत शंभरातले चौसष्ट जण दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते. हेल्मेट नसलेले ५० हजारांवर होते. मोटारीत बसणाऱ्यापेक्षा रस्त्याच्या कडेने चालणारा गरीब जास्त मरतो. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग झाला, गाड्यांचा वेग वाढला. पण कडेच्या गावातल्या माणसाला बस पकडायला तोच रस्ता ओलांडावा लागतो. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री त्याच वाटेवर उभी असते.

हे नशीब नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण मेले होते. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी तिथे मोहीम धरली. माणसे कुठे व कशाने मरतात ते पाहिले, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, वेगावर नजर ठेवली. दोन वर्षांत आकडा ११० वर आला. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख कमी होते, ही शिकवण आपल्याला नवी नाही. मोठ्यांच्या रस्त्यावर जे झाले, ते आपल्या शिवारातल्या रस्त्यावर का होऊ नये? वाटेवरच्या विहिरीला कठडा बांधायला किती पैसा लागतो?

कायदाही माहीत असावा. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशा राणी खटल्यात ठरवले. लग्नाच्या टेम्पोत बसताना हे ध्यानात ठेवा. ठोकरून पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस नाव-गाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. कायद्यात तसे कलमच आहे. म्हणून बघत उभे राहू नका, १०८ ला फोन करा. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नका. त्याने अपघात केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता आपले काम. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. महिला मंडळाने मुकादमाला आणि शेतमालकाला एकजुटीने सांगावे की, ट्रॉलीत दाटी करणार नाही, प्यालेल्या किंवा पोरसवदा चालकाच्या मागे बसणार नाही. एकटी बोलली तर तिची मजुरी बुडते. वीस जणी बोलल्या तर मालकाला ऐकावे लागते. तरुणांनी गावच्या वाटेवरील उघड्या विहिरींची यादी करून ग्रामसभेत कठड्याचा ठराव मांडावा. दीक्षाभूमीला किंवा लग्नाला जायचे तर एसटी प्रासंगिक करारावर घ्यावी. नेहमीच्या प्रवासात तर महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धेच तिकीट आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून पाच-दहा हेल्मेट घेतले, तर बाबासाहेबांना त्यात कमीपणा वाटणार नाही.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहितो. ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या आपल्या मायबहिणीला ते उपयोगी पडले पाहिजे.

नमो बुद्धाय, जय भीम.