'इन' म्हणजे नेहमी 'नाही' नव्हे

बाई आम्हाला इंग्रजीतले उलट शब्द विचारतात. 'करेक्ट'च्या उलट 'इनकरेक्ट'. 'व्हिजिबल'च्या उलट 'इनव्हिजिबल'. म्हणून शब्दाच्या पुढे 'इन' लागला की 'नाही' झाले, असे मी पक्के ठरवून टाकले होते. त्यामुळे मी कसा फसलो ते सांगतो.

सुट्टीत मी काकांबरोबर फाट्यावर उभा होतो. शेजारी एक टँकर येऊन थांबला. त्यावर 'हायली इनफ्लेमेबल' असे लिहिले होते. काकांनी विडी काढली व विचारले, "काय लिहिलंय रे?" मी ऐटीत म्हणालो, "फ्लेमेबल म्हणजे पेटणारं. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं." काका काडी ओढणार तोच क्लीनर ओरडला, "ओ पाव्हणं, काडी नका ओढू! सगळेच जाऊ!" काकांनी काडी टाकली. माझी तर मानच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शब्दकोश उघडून दाखवला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेटणारे! हा 'इन' लॅटिन भाषेतला असून त्याचा अर्थ 'आत' असा आहे. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. माझ्यासारखे पुष्कळ जण फसतील म्हणून अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' हा शब्द वापरा असा आग्रह धरला. आपल्या मराठीतही असे आहेच. 'अमूल्य' म्हणजे किंमत नसलेले नव्हे, तर किंमत करता येणार नाही इतके मोलाचे!

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, म्हणून लांबची ठिणगीही पुरते. अशा ठिकाणी शब्दाची चूक म्हणजे जिवाशी खेळ.

काही जण म्हणतील, मुलांनी इंग्रजी नीट शिकावे म्हणजे झाले. ते खरेच आहे. पण काकांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्यांनी विचारले. मला अर्धे येत होते, म्हणून मी ठोकून दिले. धोका माझ्या अर्ध्या इंग्रजीत होता. शिवाय 'ज्वालाग्राही' हा शब्द माझ्या आजीला कळत नाही. माझ्या मते टँकरवर ठळक मराठीत लिहावे, 'लगेच पेट घेते. विडी-काडी लांब ठेवा.'

पालकहो, लाल चौकटीत ज्वाळेचे चित्र दिसले की लांब व्हा. आणि मित्रांनो, शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ एकदा विचारून घ्या. विचारण्यात कसली आली लाज?

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी