दाखला मागण्याआधी

इजिप्तच्या वाळूत जे जीर्ण पपायरस सापडले, त्यांत इ. स. 250 च्या जून महिन्यातील एक अर्ज आहे. मौजे अलेक्झांडर बेट येथील ऑरेलियस डायोजेनीस, वय वर्षे 72, उजव्या भुवईवर व्रण, असे अर्जदाराचे वर्णन देऊन, आपण देवतांना नेहमीच बली अर्पण करीत आलो असून आताही हुकुमाप्रमाणे पंचांसमक्ष अर्पण करून त्यातील प्रसाद भक्षण केला आहे, सबब तसा दाखला मिळावा, एवढाच त्याचा मजकूर. हा वृद्ध ख्रिस्ती असावा असे मानण्याचे कारण नाही, कारण रोमन सम्राट डेसियसचे फर्मान साम्राज्यातील सरसकट रहिवाशांना उद्देशून होते. परंतु ज्या ख्रिस्ती मनुष्याने असला कागद पदरात पाडून घेतला, त्याच्या श्रद्धेचा निकाल त्या चार ओळींत लागून गेला.

आणि असे कागद घेणारे थोडे नव्हते. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पुढल्याच वर्षी या पतनाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की, कोणी धरून नेण्यापूर्वीच लोक आपण होऊन चावडीकडे धावले. दिवस मावळला म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या येण्यास सांगितले, तर आजच उरकून घ्या अशी गयावया काहींनी केली. आणि ज्यांना वेदीपुढे उभे राहण्याची लाज वाटली, त्यांनी चिरीमिरी देऊन नुसता दाखलाच मिळविला. या साऱ्याचा दोष सिप्रियन केवळ जल्लादाच्या धाकाला देत नाही. छळापूर्वीच्या दीर्घ स्वस्थतेत मंडळी मालमत्तेच्या मागे लागली होती, खुद्द बिशपांपैकी कित्येक सावकारीत आणि बाजारपेठांत गुंतले होते, आणि फर्मान आले तेव्हा मोडण्याजोगे फारसे काही शिल्लकच नव्हते, असे त्याचे निदान आहे. मला ते यथार्थ वाटते.

स्वतः सिप्रियन त्या वर्षी अज्ञातवासात गेला होता, आणि त्याबद्दल रोमच्या मंडळीकडून त्याला टोमणेही ऐकावे लागले. ते भय होते की धोरण, याचा उलगडा पुढल्या आठ वर्षांनी केला. 14 सप्टेंबर 258 रोजी सुभेदार गॅलेरियस मॅक्सिमस याने, आपल्या हिताचा विचार कर, असे त्याला सुचविले, तेव्हा इतक्या न्याय्य गोष्टीत विचार करण्यासारखे काही उरतच नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले, आणि वधस्थानी पोचल्यावर जल्लादाला 25 सुवर्णनाणी देण्यास आपल्या माणसांना सांगितले. जो विचार सुभेदार त्या सकाळी करावयास सांगत होता, तो केव्हाच करून झाला होता.

मात्र असल्या निश्चयात आणि वल्गनेत पुष्कळ अंतर आहे. पेत्राने प्रभूसाठी प्राण देण्याची भाषा केली होती. अंगणातील शेकोटीपाशी एका दासीने सहज विचारलेल्या प्रश्नाची तयारी त्याने केलेली नव्हती. उलट दानीएलाने बाबेलात आल्याबरोबर ठरविले ते राजाच्या ताटातील अन्नाविषयी. सिंहांची गुहा पुढे कित्येक वर्षांनी आली. निश्चय असा लहान, नेमका आणि रोज पाळावा लागणारा असावा, हे माझे मत आहे. शिवाय जे पडले, त्यांनाही सिप्रियनने कायमचे दूर लोटले नाही. नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच, पश्चात्ताप करणाऱ्यांना प्रभुभोजनात परत घ्यावे, म्हणजे पुढल्या प्रसंगी ते निःशस्त्र राहणार नाहीत, असा निर्णय त्याने आपल्या सहकारी बिशपांसह घेतला.

आपल्याकडे वेदी नाही, दाखला मात्र आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले; ख्रिस्ती अद्यापि बाहेरच आहेत. त्यामुळे रविवारी उपासनेत गुडघे टेकणाऱ्या दलित तरुणाला तहसील कचेरीच्या खिडकीपाशी धर्माच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडतो, आणि त्या एका शब्दावर त्याची शिष्यवृत्ती व क्वचित साऱ्या घराचे भवितव्य अवलंबून असते. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो, आणि पोटभर जेवलेल्याने त्या तरुणाला डेसियसच्या काळातील हुतात्म्यांची उदाहरणे ऐकवावीत, हे तर मला निव्वळ निर्दयपणाचे वाटते. परंतु आमचे पाळक दृढीकरणाच्या वर्गात विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा तोंडपाठ करून घेतात, आणि या रकान्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत. तो विषय तेथेच, मुलाच्या आईबापांसमक्ष, निघाला पाहिजे. खरे लिहिल्याने जे गमवावे लागेल, त्यातील किती भार मंडळी उचलणार, फीचे काय, वसतिगृहाचे काय, हे आकड्यांनिशी त्याच बैठकीत ठरले पाहिजे, आणि ते ठरविण्याची ज्या मंडळीची तयारी नसेल, तिने त्या मुलाच्या दाखल्याविषयी पुढे तोंड उघडू नये.