लसीचा कागद मिळाला, लस कुठे आहे?

रमजान जवळ यायला लागला की आपल्या मोहल्ल्यात उमराहच्या गप्पा सुरू होतात. कुणाचा ग्रुप कधी निघतोय, हॉटेल हरमपासून किती लांब, जेवण हिंदुस्तानी मिळणार का, येताना खजूर किती किलो आणायची. या सगळ्या गप्पांत एक सवाल मात्र क्वचितच ऐकू येतो : लस घेतली का? आणि कुणी विचारलाच, तर उत्तर ठरलेलं, "एजंट बघतो सगळं."

एजंट काय बघतो, ते आम्ही गेल्या वर्षी जवळून पाहिलं. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबातले सहा जण उमराहला निघाले होते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पाकिटात एजंटने सहा लसीकरण सर्टिफिकेटंही घालून दिली. शिक्का, सही, तारीख, सगळं व्यवस्थित. घरातल्या दादीने आपलं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि विचारलं, "मला सुई कधी टोचली रे?" सगळे हसले. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. सहापैकी एकालाही लस दिलेली नव्हती. कागद तेवढे होते.

हा प्रकार एखाद-दुसऱ्या एजंटपुरता असता तर लिहायची गरज नव्हती. पण यामागे जी समजूत आहे ती आता घरोघरी पसरलीय. लस म्हणजे विमानतळावर दाखवायचा कागद. कुणी मागितला तर दाखवायचा, नाही मागितला तर विषय संपला.

या समजुतीला २०२५ च्या सुरुवातीला आणखी खतपाणी मिळालं. त्या जानेवारीत सौदी अरबच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने परिपत्रक काढलं : उमराहला येणाऱ्यांना १० फेब्रुवारीपासून मेनिंजायटिसची लस सक्तीची. इकडे धावपळ सुरू झाली. आणि सक्ती लागू व्हायच्या चार-पाच दिवस आधी ते परिपत्रक मागे घेतलं गेलं. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला? "लस कॅन्सल झाली." व्हॉट्सअॅपवर तेच फिरलं. प्रत्यक्षात मागे घेतली गेली होती ती विमानात बसताना होणारी तपासणी. आजार कुणी मागे घेतला नव्हता. सौदी आरोग्य खात्याचा हज-उमराहच्या लसीबाबतचा सल्ला पूर्वीपासून आहे, आणि नियम कधी कडक, कधी सैल होत असतात. म्हणून तिकीट काढताना त्या वेळचा नियम बघावा, हे खरं. पण नियम सैल असला तरी लस घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाचा दाह. आपण ज्याची गोष्ट करतोय तो मेनिंगोकोकस नावाच्या जिवाणूमुळे होतो. तो माणसाच्या घशात राहतो आणि खोकला, शिंक, थुंकी, अगदी जवळचा सहवास यातून पसरतो. सकाळी ताप, मान ताठ, उलट्या, आणि दुसऱ्या दिवशी माणूस हातचा जातो, असं या आजारात होऊ शकतं. वाचलेल्यांपैकी काहींचं ऐकू येणं जातं, काहींचे हातपाय कापावे लागतात. तवाफच्या गर्दीत, एका खोलीत चार-पाच जण झोपताना, लिफ्टमध्ये, बसमध्ये, जिवाणूला यापेक्षा सोयीची जागा कुठली?

हा नुसता अंदाज नाही. १९८७ च्या हजमध्ये 'ए' गटाच्या मेनिंगोकोकसची मोठी साथ आली, आणि त्यानंतर हाजींना लस सक्तीची झाली. ती लस 'ए' आणि 'सी' या दोन गटांवरची होती. मग २००० सालच्या हजमध्ये 'डब्ल्यू-१३५' हा वेगळाच गट पुढे आला. हाजी परतले आणि युरोपसह अनेक देशांत एकामागून एक रुग्ण सापडू लागले. या साथीतली एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. आजारी पडलेल्यांत हाजी तर होतेच, पण कितीतरी जण असे होते जे हजला गेलेच नव्हते. ते घरी होते. हाजी घशात जिवाणू घेऊन आले, स्वतः ठणठणीत राहिले, आणि घरच्यांना आजार दिला. त्यानंतर ए, सी, वाय, डब्ल्यू अशा चारही गटांवरची लस मागितली जाऊ लागली.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२४ ची बघा. त्या वसंतात अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन मिळून सौदी प्रवासाशी जोडलेले बारा रुग्ण नोंदले गेले. बहुतेक उमराह करून आलेले, काही त्यांच्या सहवासातले. त्यातल्या बहुसंख्यांनी लस घेतलेली नव्हती.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. उमराहहून माणूस परत येतो. दारात हार, गळाभेट, मुसाफा. नातवंडं मांडीवर, त्यांचे मुके. जमजम एकाच ग्लासातून घरभर फिरतो. हे सगळं आपलं आहे, आणि ते बंद करा असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? पण जो परतलाय त्याने लस घेतलेली असेल तर या प्रेमात धोका राहत नाही, निदान फार कमी राहतो. म्हणजे दादीची लस दादीपुरती नाही, ती पाळण्यातल्या पणतूसाठीही आहे.

यात एक बारकावा आहे आणि तो एजंट तर सांगत नाहीच, कधीकधी डॉक्टरही सांगत नाहीत. या लसीचे दोन प्रकार मिळतात. जुना, स्वस्त प्रकार म्हणजे पॉलिसॅकराइड. सौदी नियमांत तो तीन वर्षं धरला जातो. दुसरा कॉन्जुगेट, तो महाग, पण पाच वर्षं धरला जातो. कॉन्जुगेट लस घशात जिवाणू ठाण मांडून बसण्यालाही बराच आळा घालते, पॉलिसॅकराइडचा तसा भरवसा नाही. घरात लहान मुलं असतील तर पैसे जमवून कॉन्जुगेट घ्यावी, असं आम्ही सांगू. वय, जुने आजार, आधी घेतलेल्या लसी बघून कुठली द्यायची हे डॉक्टरच ठरवतील, पण "कुठली देताय?" हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा. दोन्ही प्रकारांत लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. शरीराला तयारीला तेवढा वेळ लागतो. एक वर्षावरच्या मुलांनाही ती लागू आहे.

मग हाजी लस घेतात आणि उमराहवाले का घेत नाहीत? उत्तर श्रद्धेत नाही, व्यवस्थेत आहे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात ट्रेनिंग कॅम्प होतात, तिथेच मेनिंजायटिसची लस टोचली जाते, पोलिओचे थेंब दिले जातात, वयस्करांना फ्लूची लस मिळते. रांग लावली की काम होतं. उमराह मात्र पूर्णपणे खासगी मामला. पॅकेजची किंमत दोन हजारांनी कमी दाखवायची असेल तर पहिली कात्री लसीवर. तालुक्याच्या गावात ही लस फ्रिजमध्ये पडून नसते, आधी सांगून मागवावी लागते, आणि तेवढा वेळ कुणाकडे? महाड किंवा परभणीच्या माणसाने एका सुईसाठी मुंबई-पुण्याचा फेरा मारावा, ही अपेक्षाही चूकच. इथे मस्जिद कमिट्यांना आणि जमातींना काम आहे. वीस-पंचवीस जणांची यादी झाली तर गावातला डॉक्टर लस मागवून घेतो. खतन्याचे आणि डोळे तपासणीचे कॅम्प आपण भरवतोच ना?

"लस हलाल आहे का?" हा सवाल येतोच, आणि तो विचारणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणणार नाही. सवाल रास्त आहे. इंडोनेशियात २०१० मध्ये तिथल्या उलमा परिषदेने हज-उमराहच्या लसींची तपासणी केली आणि ज्या निकषांत बसल्या त्यांना हलाल ठरवलं. म्हणजे त्यांनी लस नाकारली नाही, तपासून घेतली. शंका असेल तर लसीचं नाव लिहून घ्या, आपल्या आलिमांना विचारा. "अल्लाहवर भरोसा आहे, लस कशाला" असं म्हणणाऱ्यांना मात्र हजरत उमर (रजि.) यांचा शामच्या वाटेवरचा किस्सा आठवावा. पुढे ताऊनची साथ आहे हे कळल्यावर त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला मागे फिरवला. त्यांचा तवक्कुल आपल्यापेक्षा कमी होता काय?

आता मच्छरांकडे येऊ. मक्का-जेद्दा म्हणजे रेताड मुलुख, तिथे कसले मच्छर, असं आपल्याला वाटतं. पण दोन्ही शहरं कर्कवृत्ताच्या खाली, उष्ण कटिबंधात आहेत. जेद्दात १९९४ मध्ये डेंग्यूचा विषाणू सापडला आणि तेव्हापासून तो तिथून गेलेला नाही. मक्केतही रुग्ण सापडतात. डेंग्यूचा एडिस मच्छर गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाण्याच्या टाक्या, कूलर, बांधकामाच्या जागा, हे सगळं तिथे भरपूर. मलेरिया मात्र मक्का, मदिना, जेद्दात नाही. तो दक्षिणेला, येमेनच्या सीमेजवळच्या भागापुरता आहे, त्यामुळे उमराहसाठी मलेरियाच्या गोळ्यांची गरज नसते.

एडिस चावतो दिवसा, खास करून सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे रात्रीची मच्छरदाणी इथे कामाची नाही. एरवी आपण सांगतो, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मोजे घाला. पण एहराममध्ये पुरुषांनी काय करायचं? शिवलेला कपडा नाही, डोकं उघडं, घोटे उघडे. उरतं फक्त अंगाला लावायचं मलम किंवा स्प्रे. आणि इथेच गोम आहे : बाजारात मिळणारी बरीचशी मलमं सुगंधी असतात, आणि एहराममध्ये खुशबू मना. म्हणून निघायच्या आधीच बिनवासाचं, 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं, डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं रिपेलंट शोधून ठेवावं. मोठ्यांना २० ते ३० टक्के डीईईटी पुरतं. त्यातला कुठला घटक चालतो याबद्दल शाफई आणि हनफी, आपापल्या आलिमांना डबी दाखवून विचारून घ्या. ऊन लागू नये म्हणून क्रीम लावणार असाल तर तीही बिनवासाची. आधी ती, वर रिपेलंट. एहराम उतरला की पूर्ण बाह्या आणि मोजे आहेतच.

डेंग्यूबद्दल आणखी एक. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. मुंबई, भिवंडी, मालेगावात डेंग्यू होऊन गेलेले कितीतरी लोक आहेत. "मला एकदा झालाय, आता काय होणार" हा हिशेब उलटा आहे. ताप आला तर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन घेणाऱ्या बुजुर्गांनी ती परस्पर बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावं.

थोडं कोकणातल्या घरांसाठी. रत्नागिरी-रायगडातले आपले कितीतरी लोक जहाजावर आहेत आणि पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत जातात. काही कुटुंबं केनिया, युगांडाकडे नातेवाइकांना भेटायला जातात. तिकडचा हिशेब वेगळा. पीतज्वराची लस तिथे हवीच, आणि ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयाकडे. सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. ते नसेल तर पीतज्वराच्या देशातून भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. ही जिवंत विषाणूची, अंड्यावर वाढवलेली लस आहे. गरोदर बाई, अंड्याची अॅलर्जी असलेला, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा किंवा साठीपुढचा माणूस असेल तर आधी डॉक्टर. आणि तिकडचा मलेरिया आपल्या ओळखीचा नाही. फाल्सिपेरम मलेरिया काही दिवसांत जीव घेतो. गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात आणि परत आल्यावरही सांगितले तितके दिवस घ्याव्यात. काही गोळ्या आठवडाभर, काही चार आठवडे. घरी पोचलो म्हणून पत्ता फेकून देणारे आम्ही पाहिलेत.

सौदी असो वा आफ्रिका, परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी अमुक ठिकाणाहून आलोय" हेच असू द्या. नाहीतर फ्लू समजून दोन दिवस जातात, आणि मेनिंजायटिस किंवा फाल्सिपेरममध्ये ते दोन दिवस परवडत नाहीत.

एजंटने पाकिटात सर्टिफिकेट घालून दिलं असेल तर ते उघडून बघा. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, टोचल्याची तारीख, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का? आणि त्या तारखेला तुम्ही कुठे होता? लस न घेता कागद हातात आला असेल तर तो परत करा, लसीचे पैसे पॅकेजमधून वजा करायला सांगा, आणि त्याच पैशांत निघायच्या किमान पंधरा दिवस आधी डॉक्टर गाठा. खऱ्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कार्ड हँडबॅगेत. लगेजमध्ये टाकू नका, लगेज जेद्दात उशिरा येतं.