फसलेल्या उड्या

दिवाळीची सुरुवातच गायवासराच्या पूजेने करणारे आपण लोक. पण जनावरांचं आजारपण ही दुसऱ्याच्या घरची भानगड, असंच आपण वागतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला लम्पी दिसला. त्यानंतर बैलपोळ्यापासून पार वसुबारसेपर्यंत गोठ्यागोठ्यांत फवारणीची आणि लसीची धावपळ चालू होती. शेळ्यांच्या देवीवरची लस गायींना टोचली जात होती. शहरांत मात्र एकच प्रश्न होता: दूध प्यायचं की नाही? हा आजार माणसाला होत नाही एवढं कळलं आणि शहराने विषय सोडून दिला.

‘माणसाला होत नाही’ हे वाक्य ऐकून आपण निर्धास्त होतो. ‘माणसाला झाला, पण त्याच्यापासून दुसऱ्याला झाला नाही’ हे त्याचं भावंड. दोन्ही वाक्यं खरी असतात आणि दोन्ही ऐकून वर्तमानपत्राचं पान उलटलं जातं. एका प्राण्यातून दुसऱ्यात जाण्याच्या विषाणूंच्या बहुतेक उड्या फसतात. जी साधते तिचं नाव जगभर होतं, तिच्यावर पुस्तकं निघतात. आमच्या मते वाचण्यासारख्या असतात त्या फसलेल्या. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानांवर गोचीड आणि डास आल्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. कथा-कविता पुढे आहेतच.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरीत उन्हाळा म्हणजे काजूचा हंगाम. खाली पडलेले बोंडू गोळा करायचे, पिरगळून बी वेगळी करायची, ती टोपलीत टाकायची. सकाळपासून कंबर वाकलेली आणि हात पाचोळ्यात. त्याच महिन्यांत त्या पाचोळ्यात अर्धवट वाढलेल्या गोचिडी असतात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, आणि काहींच्या अंगात एक विषाणू. या गोचिडीच्या आयुष्याचे तीन टप्पे, आणि दर टप्प्याला यजमान नवा. अळी असताना उंदीर-चिचुंद्री. मधल्या वयात माकड, वानर आणि पाचोळ्यात हात घालणारा माणूस. मोठी झाली की रानात चरायला आलेलं गुरू. गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडी भरपूर वाढतात. माकडाला मात्र हा विषाणू मारतो. माकड झाडाखाली पडतं, अंग गार होतं, आणि अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास दबा धरून बसतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांपर्यंत मेलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर टाकायची पद्धत आहे. ती जागा पुढे बरेच दिवस धोक्याची असते.

माकडताप तो हाच. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्यात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), तिथली मंडळी धावली. पहिली शंका पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडं अशीच मरतात, आणि पीतज्वर आशियात कधी दिसलेला नव्हता, त्यामुळे घबराट मोठी. विषाणू हाती लागला तेव्हा त्याचे भाऊबंद भलतीकडेच निघाले, रशियात! मग तो सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला का, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवायला सुरुवात केली. सूत्रं सालिम अलींच्या हाती होती. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास त्या निमित्ताने मार्गी लागला. तापाने पक्षीशास्त्राला हातभार लावला, असं म्हणायला हरकत नाही.

इतक्या दशकांत माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरलेला नाही. रोग्यांपैकी शंभरातले तीन ते पाच दगावतात, पण माणसाच्या अंगात विषाणूची वाट संपते. माणसाच्या बाजूने पाहिलं तर ही उडी कायमची फसलेली. तरीही तो सरकत राहिला. अनेक दशकं कर्नाटकातच असलेला हा आजार 2012 नंतर निलगिरी, वायनाड, गोवा असा पसरत 2016 मध्ये सिंधुदुर्गात उतरला. त्यासाठी त्याला माणसाशी जुळवून घ्यावं लागलं नाही. रान विरळ झालं, बागा वाढल्या, गुरं आत शिरली, एवढं पुरलं. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात 1982-83 ला मोठी साथ आली, तीही काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केल्यानंतर. विषाणू बदलल्याशिवाय साथ येत नाही, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे.

आता बदलण्याबद्दल. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलताना शतकानुशतकं पाठ बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी 1584 मध्ये बसून शुद्ध प्रत सिद्ध केली. आरएनए असलेल्या बहुतेक विषाणूंकडे कुणी एकनाथ नसतो. दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक चूक होते, आणि फ्लूच्या विषाणूची सगळी पोथीच साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास. म्हणजे नव्या प्रतींपैकी बहुतेकींत काही ना काही बिघडलेलं असतं. (कोरोनाच्या कुळाकडे चुका दुरुस्त करणारं एक प्रथिन आहे, त्याची पोथी दुपटीहून मोठी आहे, त्याशिवाय तिचा निभाव लागला नसता.) बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादी नव्या शरीरात चालून जाते. ‘विषाणू हुशार झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या हुशारीमागे अशा अगणित बाद प्रतींचा ढीग असतो.

नवापूरचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला एच5एन1 बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावच्या पोल्ट्रीत निघाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी फोडली, गाव सील झालं. माणसं कोंबड्यांच्या घोळक्यात वावरत होती, तरी तिथे माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. कारण साधं आहे. पक्ष्यांचा फ्लू पेशीवरच्या ज्या साखरेला चिकटतो, ती आपल्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर असते. तिथवर तो क्वचित पोचतो. पोचला तर माणूस मरू शकतो, पण खोकल्यातून पुढे जाणं अवघड. शिवाय पक्ष्याच्या आतड्यात चाळीसहून जास्त अंश तापमान, आपल्या नाकात तेहतीसच्या आसपास; या गारव्यात त्याची नक्कल काढणारी यंत्रणा नीट चालत नाही. त्या यंत्रणेतल्या एका प्रथिनात 627 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं की ती चालू लागते. आणि हा बदल माणसांत व इतर सस्तन प्राण्यांत सापडलेल्या विषाणूंत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

नवापूरमध्ये 2021 ला पुन्हा तीच कत्तल झाली. त्यानंतरच्या बातम्या मात्र वेगळ्या होत्या. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या दुभत्या गायींत एच5एन1 निघाला. तो नाकात नव्हता, कासेत होता! गायीच्या कासेत पक्ष्यांसारखी साखर भरपूर असते, हे तोवर फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. धारा काढायची यंत्रं एका गायीवरून दुसरीला लागत होती, तीच त्याची वाहनं झाली. गोठ्यातल्या कामगारांचे डोळे आले, कारण आपल्या डोळ्यांतही ती साखर आहे. आणि डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, तपासणीत एच5एन1 निघाला. संशय खाद्यातल्या कोंबडीवर गेला. वाघ मेले म्हणून बातमी झाली, हे एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या जागी गल्लीतली चार मांजरं असती, तर कुणी नमुना घेतला असता?

कधी बदल माणसासाठी होतच नाही, वाहकासाठी होतो. बार्शीला 1973 मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं देशात तो जवळजवळ दिसेनासा झाला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातली एक ओळ म्हणून माहीत असायचा. 2005-06 मध्ये परतला तो महाराष्ट्रासकट अनेक राज्यांत, गावंच्या गावं सांधे धरून बसली. हा आफ्रिकी वंशाचा होता, बार्शीच्या काळातला आशियाई नव्हे. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर त्याच सुमारास त्याच्या आवरणातल्या एका प्रथिनाच्या 226 व्या जागेवर बदल झाला आणि तो एडिस अल्बोपिक्टस या डासात जोमाने वाढू लागला. बेटावरच्या तिघांतल्या एकाला लागण झाली. पुढे 2007 मध्ये केरळात तोच बदल वेगळा, आपला आपण, घडून आला. तिथे रबराच्या मळ्यांत झाडाला बांधलेल्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं, आणि तो डास त्यातच वाढतो. मुक्काम एक, वाटा दोन.

पण आम्हाला खरी रुखरुख लावणारी गोष्ट पुणे जिल्ह्यातली आहे. पुण्याच्या शास्त्रज्ञांना 2000 मध्ये दौंड तालुक्यातल्या यवतला पकडलेल्या डासांत चिकुनगुन्याचा विषाणू सापडला होता. देशाने तो आजार विसरायला घेतला असताना! साथीनंतर जुना नमुना काढून ताडून पाहिला, तर तो यवतचा विषाणूही आफ्रिकी वंशाचाच निघाला. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात त्याची हजेरी लागलेली होती. हजेरी घेणारे होते, नोंद होती, नमुना गोठवून ठेवला होता. त्या नोंदीला पुढे विचारणारं कुणी नव्हतं.

‘काळाबरोबर विषाणू सौम्य होतो’ हे कोरोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. ऑस्ट्रेलियाने 1950 मध्ये सशांचा बंदोबस्त करायला मिक्सोमाचा विषाणू सोडला, तेव्हा शंभरातले नव्याण्णवहून जास्त ससे मरत होते. काही वर्षांत मध्यम तीव्रतेचे वाण वरचढ झाले, कारण ससा जास्त दिवस जगला तर डास त्याला जास्त चावतात. लक्षात घ्या, मध्यम. अगदी सौम्य वाणही मागे पडले, कारण त्यांच्या फोडांतून डासाला पुरेसा विषाणू मिळेना. पुढे ससे चिवट झाले तसा विषाणूही पुन्हा कडक झाला. रेबीजने तर हजारो वर्षांत तसूभर दया दाखवलेली नाही. कुत्रा मरण्याआधी चावून मोकळा होतो, मग विषाणूला सौम्य होऊन मिळणार काय?

फसलेल्या उड्यांची नोंद कोण ठेवतं, हा आमचा मुद्दा. माणसाचा नमुना पुण्याला, कोंबडीचा भोपाळला, वाघाची फाइल वनखात्यात. 11 डिसेंबर 2022 ला नागपुरात ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला बसली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, हा तिचा उद्देश. चांगलंच आहे. पण यवतच्या डासाचं काय झालं ते पाहता, नुसत्या प्रयोगशाळेने भागत नाही. पहिली खबर प्रयोगशाळेत येत नाही. ती काजूच्या बागेतल्या बाईला, गुराख्याला, वनमजुराला, पशुधन पर्यवेक्षकाला कळते. त्यांनी ती कुणाला सांगायची? रानातलं जनावर मेलं तर वनखात्याचा नंबर 1926. गाय आजारी पडली तर पशुसंवर्धनाचा 1962. माणसाला न्यायचं तर 108. पहिल्या दोन नंबरांत आकडेसुद्धा तेच आहेत, फक्त जागा बदललेल्या. 1926 वर आलेला मेलेल्या माकडाचा निरोप त्याच संध्याकाळी गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंपर्यंत पोचतो का, हे आम्हाला येत्या काजूच्या हंगामाआधी संबंधित खात्यांकडून ऐकायचं आहे. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू. नाही आलं तर तेही छापू.